मुगी बसली म्हणजे ढेकूण असतो

जपानहून परत आलो त्याला आता दीड महिना झाला. सोसायटीत अजून कोणी ना कोणी जिन्यात गाठून विचारतं, "काय काय पाहिलंत?" मी म्हणतो, "ढेकूण." त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय. गुलाबी फुलांचा हंगाम वसंतातला आणि मी गेलो ऑक्टोबरात. प्रसिद्ध शिखर माझ्या वाटेवर नव्हतं, बुलेट ट्रेनही नव्हती. बारा दिवस मी कोबे शहराच्या पाठीमागच्या डोंगरात, एका कुत्रीच्या मागे मागे, ढेकणांच्या शोधात होतो. जे पाहिलं तेच लिहितो.

कुत्री आमच्या केतकीची. केतकी आमची एकुलती एक. पुण्यात इंजिनिअर झाली, कंपनीने जपानला धाडली, चार वर्षं टोकियोजवळच्या इचिकावात राहिली. तिथे मराठी घरं इतकी, की गणपतीत मोदक उरतात. तोवर सगळं चारचौघांत सांगण्यासारखं होतं. मग एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, मी नोकरी सोडली. वास शोधणाऱ्या कुत्र्यांना शिकवायचं काम शिकतेय."

"वास कसला?" मी विचारलं. मनात म्हटलं, बॉम्ब असेल, अमली पदार्थ असतील. निदान भूकंपात अडकलेली माणसं.

"ढेकणांचा."

मी फोन उषाच्या, म्हणजे हिच्या हातात दिला. काही बातम्या आईनेच ऐकाव्यात.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. ऑक्टोबरात केतकीची परीक्षा होती. ती आणि तिची कुत्री पास झाल्या तर कीडनियंत्रणाची एक कंपनी दोघींना तीन वर्षांसाठी घेणार होती. नापास झाल्या तर व्हिसा संपून केतकी पुण्याला परत. आम्ही दोघांनी कुठल्या बाजूने देव पाण्यात ठेवले होते, हे सांगायला नको. उषाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी एकटाच निघालो. दाराशी ती म्हणाली, "अहो, बाकरवडी हातातल्या बॅगेत ठेवा, नाहीतर चुरा होईल. आणि येताना तिला घेऊनच या." जणू केतकी म्हणजे ड्रायक्लीनिंगला टाकलेली साडी.

डोंगराच्या पलीकडे

कोबे हे समुद्र आणि डोंगर यांच्यात चेंगरलेलं लांबट शहर आहे. गाडी बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरते आणि बाहेर पडते तेव्हा शहर संपलेलं असतं. भातकापणी चालू होती. कापलेल्या पेंढ्या बांबूच्या दांड्यांवर उलट्या टांगून वाळत घातलेल्या, धुतलेल्या लेंग्यांसारख्या. पानं गळालेल्या झाडांवर नुसती केशरी फळं. आणि गावभर एक गोड वास, जर्दाळू शिजत ठेवल्यासारखा. कसल्याशा बारीक नारिंगी फुलांचा होता. दर दोन घरांआड झाड.

स्टेशनबाहेर केतकी उभी होती. जाडजूड बूट, खिशाखिशांचं जाकीट, केस कापलेले. तीन वर्षांत मुलगी बदलते हे मान्य, पण वाकून नमस्कार केल्यावर तिने जपानी लोकांसारखी अजून दोनदा मान लववली, तेव्हा मीही लववली. स्टेशनसमोर आम्ही बापलेक एकमेकांना सलाम ठोकत राहिलो.

"आई कशी आहे?"

"जिना चढते. उतरताना देवाचं नाव घेते."

तिच्या पायाशी लांब कानांची एक बीगल कुत्री बसली होती. मुगी. जपानीत मुगी म्हणजे सातू. रंगावरून ठेवलेलं नाव. तिने माझे बूट हुंगले, बॅग हुंगली, बाकरवडीपाशी बराच वेळ थांबली आणि पुढे गेली.

"आवडली वाटतं," मी म्हणालो.

"तिला सगळे वास येतात, बाबा. पण बसते एकाच वासाला. मुगी बसली म्हणजे तिथे जिवंत ढेकूण असतो. म्हणजे, असायला हवा."

त्या शेवटच्या दोन शब्दांतच परीक्षा होती, हे मला नंतर कळलं.

केतकीचं घर दोन खोल्यांचं, जुनं, लाकडी. पहिल्याच सकाळी मी कर्तव्यदक्ष पाहुण्यासारखा कचरा बाहेर ठेवून आलो. दहा मिनिटांत शेजारच्या आजी ती पिशवी परत घेऊन दारात. वाकून, हसून, माझीच क्षमा मागत त्यांनी पिशवीतला दुधाचा खोका काढला, धुवायला सांगितला, कापून सपाट करायला सांगितला, आणि चहाच्या चोथ्यासाठी वेगळा वार आहे हेही सांगितलं. पुण्यात शेजारी आपला कचरा आपल्या दारात आणून ठेवतो तेव्हा भांडण असतं. इथे तो संस्कार होता.

डब्या

शिकवण्याचं केंद्र म्हणजे एक बंद पडलेली प्राथमिक शाळा. गावात मुलंच उरली नाहीत. वर्गांत आता पलंग, सोफे, कपाटं, जुन्या गाद्या मांडल्या होत्या, हॉटेलच्या खोल्यांसारख्या. केंद्र चालवतात नाकागावा-सान नावाच्या बाई, सत्तरीच्या, काटक, पांढऱ्या केसांच्या. मला त्या पहिल्या भेटीपासून 'ओतोसान' म्हणायला लागल्या, म्हणजे बाबा. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठ्या बाईने बाबा म्हटलं की माणूस आपोआप पोट आत घेतो.

काम असं. बोटाएवढ्या काचेच्या डब्या. तोंडाला बारीक जाळी. काहींत जिवंत ढेकूण, काहींत मेलेले, काही रिकाम्या. त्या गादीच्या शिवणीत, फडताळामागे, पडद्याच्या घडीत लपवायच्या. केतकी मुगीला घेऊन खोलीत येणार. जिवंत ढेकणाची डबी सापडली की मुगीने बसायचं आणि नाक त्या जागेवर रोखून धरायचं. हा इशारा. मग तिथेच तिला उकडलेल्या रताळ्याचा तुकडा मिळतो. मेलेल्यांना बसायचं नाही. रिकाम्याला तर नाहीच.

डब्या नाकागावा-सानची मदतनीस लपवायची, पण ती भातकापणीला माहेरी गेली होती. केतकीने लपवून भागत नाही, कारण शोधणाऱ्याला जागा माहीत असता कामा नये.

"मी आहे की," मी म्हणालो. जन्मभर बँकेत नोकरी केली, पण इतक्या उत्साहाने कुठल्या कामासाठी पुढे झाल्याचं आठवत नाही.

आता लहानपणी आमच्या घरी ढेकूण शोधावे लागत नसत, तेच आम्हाला शोधत येत. आजोबा खाटा अंगणात आणून आपटायचे, आई फटींत उकळतं पाणी ओतायची. जपानात मात्र हॉटेलात ढेकूण निघाला तर घरात खून पडल्यासारखी कुजबूज. कुत्रीला पिंजऱ्यात घालून, नाव नसलेल्या गाडीतून, मागच्या दाराने नेतात. अशा अब्रूदार देशात ढेकणाची डबी गादीत सारताना मला फार बरं वाटलं.

नियम असा होता की लपवणाऱ्याने लपवून बाहेर जायचं. नाकागावा-सान दुसऱ्या वर्गात नव्या कुत्र्याबरोबर गुंतल्या होत्या. मी केतकीला म्हणालो, "आईसाठी व्हिडिओ काढतो. कोपऱ्यात उभा राहीन, श्वाससुद्धा घेणार नाही."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. राहा."

मुगी पाचपैकी पाच वेळा बसली. दुसऱ्या दिवशी सहापैकी सहा, तिसऱ्या दिवशीही तसंच. पूर्वी एका खोलीला तिला बरीच मिनिटं लागायची, आता आत आली, फेरी मारली, बसली. केतकी आनंदाने उजळायची. मी टाळ्या वाजवायचो आणि आतून खचायचो. मुलगी डोळ्यांसमोर पास होत चालली होती.

रोज दुपारी उषाचा फोन. मी तिला व्हिडिओबरोबर लक्षणंही पुरवायचो. आज तिने आपणहून वरण मागितलं. आज विचारत होती, तिच्या खोलीतला पंखा अजून आवाज करतो का. आज 'आपलं पुणं' म्हणाली.

"आपलं म्हणाली?" उषा विचारायची.

"आपलं म्हणाली."

"मग यायचंय हो तिला. बोलत नाही एवढंच."

लाल खुणेची डबी

सहाव्या दिवशी नाकागावा-सान आमच्या खोलीत आल्या. मला तीन डब्या दिल्या. दोन पांढऱ्या खुणेच्या, रिकाम्या. लाल खुणेच्या डबीत जिवंत, असं त्यांनी बोटांनी किडा चालवून दाखवलं. मी लाल डबी मोठ्या चातुर्याने सोफ्याच्या पाठीमागच्या शिवणीत खोचली आणि कोपऱ्यात मोबाइल घेऊन उभा राहिलो.

मुगी आली. पलंग, कपाट, पडदा. सोफ्यापाशी वळली, वर माझ्याकडे पाहिलं आणि बसली.

"योश्!" केतकी ओरडली, म्हणजे शाब्बास, आणि रताळ्यासाठी खिशात हात घातला. नाकागावा-साननी तो हात धरला. डबी काढली, जाळी उचलली, केतकीला दाखवली, मग मला.

रिकामी होती.

मुगी रताळ्याची वाट बघत बसून होती. नाकागावा-साननी माझा मोबाइल मागितला. मी काढलेले व्हिडिओ एकेक करून लावले. मला आधी काही कळेना. मग दिसलं. माझा हात हलतो, पन्नाशी उलटल्यापासून जरा जास्तच. सगळं चित्र डुचमळत होतं, ढकलगाडीतून काढल्यासारखं. आणि मुगी डबीजवळ पोचली की चित्र एकदम स्थिर. आवाजही थांबायचा, कारण मी श्वास रोखायचो. प्रत्येक व्हिडिओत. मी शब्दाला जागलो होतो, खरंच श्वास घेत नव्हतो.

नाकागावा-सान काहीतरी म्हणाल्या. केतकीने मान खाली घालूनच मराठीत सांगितलं, "म्हणतायत, मुगीला ढेकूण शोधायला मेहनत पडते. ओतोसानना शोधायला दोन सेकंद. ती कशाला कष्ट करेल?"

"पण परीक्षेला मी कुठे असणार?" मी म्हणालो.

"मी असणार ना, बाबा. आता ती नाक सोडून माणसांचे चेहरे बघायला लागलीय. माझा बघेल. मला वाटलं इथे असेल, की बसेल. एक खोटा इशारा आणि संपलं. अशा इशाऱ्यावर हॉटेलवाले खोली बंद करतात, गाद्या जाळतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नियम मला माहीत होता. मीच तुम्हाला राहू दिलं. दोन वर्षांत घरचं कोणी पहिल्यांदा माझं काम बघत होतं."

परीक्षेला चार दिवस होते.

दुपारी उषाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता नापास होईल?"

"होऊ शकते."

"हं," ती म्हणाली.

मीही "हं" म्हणालो. त्या दोन 'हं'मध्ये आम्हाला एकमेकांचा चेहरा बघवला नसता. बरं झालं, साधा फोन होता.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी भाताच्या खाचरांमधून चालताना मला थोडा वेळ आनंद झाला होता. विमानात शेजारच्या सीटवर केतकी बसलीय असंही दिसलं. मग घरी आलो तर ती पायरीवर बसून मुगीचे कान साफ करत होती. मुगीशी जपानीत बोलत होती, समजूत घातल्यासारखी. मला बघून म्हणाली, "जेवायला काय करू? भात आणि उमेबोशी चालेल?" उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचं चुलतभावंड. मी म्हटलं, चालेल. तांदूळ मीच धुवायला घेतले.

बिनभरवशाचा माणूस

दुसऱ्या दिवशी मी नाकागावा-सानपुढे उभा राहिलो आणि केतकीला म्हणालो, "विचार, हे निस्तरायला मी काय करू? गावाबाहेर जाऊन राहतो."

बाई हसल्या. जायचं नाही, म्हणाल्या. ओतोसानच औषध.

औषध असं: मी खोलीत उभं राहायचं, पण जिथे काही नाही तिथे. रिकाम्या कपाटापाशी, कोऱ्या गादीपाशी. मुगी आली की श्वास रोखायचा, टक लावायची, डबी इथेच आहे असं मनापासून वाटून घ्यायचं. खरी डबी भलतीकडे, मला माहीत नसलेल्या जागी. मुगी मला भुलून बसली तर रताळं नाही. माझ्याकडे पाठ करून नाकाने शोधलं तर रताळं. थोडक्यात, मुगीला शिकवायचं होतं की हा माणूस बिनभरवशाचा आहे. उषाला हे कळायला पंचवीस वर्षं लागली, मुगीकडे तीन दिवस होते.

पहिल्या दिवशी मला जमेना. खोटं खोटं वाटून घेतो ते मुगीला लगेच कळे, ती ढुंकून बघत नसे.

"नाटक नको," नाकागावा-साननी केतकीमार्फत सांगितलं. "खरंच काहीतरी हवं असल्यासारखे उभे राहा. ओतोसानना काही हवं असेलच की."

होतं. रिकाम्या कपाटाच्या दाराला टेकून मी तेच मनात आणलं. पुण्याचं घर, संध्याकाळची वेळ, लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज. त्यासाठी श्वास रोखावा लागला नाही, आपोआपच अडकला. मुगी पडद्याकडे निघाली होती ती वळली, तीरासारखी माझ्यापाशी आली आणि बसली. वर बघत राहिली. रताळं मिळालं नाही.

पुढच्या वेळीही बसली. त्याच्या पुढच्या वेळीही. मग एकदा अर्धवट बसून उठली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माझ्यापाशी नुसती थांबायची, विचार केल्यासारखी. मी तिथेच, त्याच किल्लीच्या आवाजाची वाट बघत. केतकी दोरी सैल धरून उभी. तिला काय ठाऊक मी मनात काय आणतो; तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मुगी आली, माझ्या तोंडाकडे एकवार पाहिलं, शेपटी हलवली आणि मला ओलांडून खिडकीखालच्या गादीकडे गेली. तिथे नाक खुपसून बसली. डबी तिथेच होती, जिवंत.

"योश्," नाकागावा-सान हळूच म्हणाल्या. माझ्याही हातावर त्यांनी रताळ्याचा एक तुकडा ठेवला. मी खाल्ला. गोड होता.

परीक्षा

परीक्षा शेजारच्या गावातल्या एका जुन्या रियोकानमध्ये, म्हणजे चटईवर गाद्या घालून झोपायच्या पद्धतीच्या खानावळवजा मुक्कामघरात होती. पाच खोल्या. डब्या पहाटेच कोणीतरी लपवून निघून गेलेलं. किती डब्या, कुठल्या खोल्यांत, हे परीक्षकांनाही ठाऊक नाही. ते पाकिटात बंद.

मला रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर बसवलं होतं. बाकावर माझ्याशेजारी एक आजोबा. त्यांनी मला एक सोललेलं केशरी फळ दिलं, मी त्यांना बाकरवडी दिली. त्यांनी खाऊन डोळे मोठे केले, मीही केले. दोन बस आल्या आणि गेल्या. आजोबा कुठल्याच बसमध्ये चढले नाहीत. मला आपला उगाच धीर आला.

केतकी बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रस्ता ओलांडायला सिग्नलमधला माणूस हिरवा होईपर्यंत थांबली, एकही गाडी नसताना. मग आली आणि माझ्या शेजारी बसली.

"चार खोल्यांत तीनदा बसली," ती म्हणाली. "पाचव्या खोलीत देवघरासारखा कोनाडा होता. तिथे थांबली, बाबा. माझ्याकडे बघितलं. मला इतकं वाटत होतं की इथे असावं. शेवटच्या खोलीत काहीच नाही असं कसं असेल? मग तुम्ही त्या कपाटाला टेकून उभे राहायचात ते आठवलं."

"मग?"

"मी चालत राहिले. दोरी सैल सोडून. ती जरा वेळ थांबली आणि माझ्यामागून आली. मी परीक्षकांना सांगितलं, या खोलीत नाही." तिने नाक ओढलं. "पाकीट उघडलं. नव्हतं. पास झालो आम्ही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचो तसा. केस आखूड होते, हाताला नवीनच लागले. शेजारच्या आजोबांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी उठून आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला.

घरी येईपर्यंत चार वाजले. केतकी जाकीटही न काढता चटईवर आडवी झाली ती झोपलीच. मुगी तिच्या पोटाशी. मी फोन घेऊन पायरीवर बसलो. पुण्यात साडेबारा वाजले असणार.

"पास झाली," मी म्हणालो.

उषा म्हणाली, "देवाने बघितलं." आणि लगेच, "आता काय करतेय?"

"झोपलीय."

"अहो, ऐका. पास झाली ते झाली. पण तुम्ही दहा दिवस तिच्याबरोबर आहात. तिच्या तोंडाकडे बघून सांगा मला. मनातून यायचंय ना तिला? तुम्हाला काय वाटतं?"

मी दारातून आत पाहिलं. केतकी तोंड उघडं टाकून झोपली होती, हात मुगीच्या पाठीवर, बुटांचा चिखल चटईच्या कडेला. उषाला काय ऐकायचंय ते मला माहीत होतं. मलाही तेच म्हणायचं होतं. वरणाची, पंख्याची गोष्ट पुन्हा सांगता आली असती.

"नाही गं," मी म्हणालो. "सुखात आहे ती इथे."

"खूप?"

"खूप."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी. उषा तिसऱ्या शिट्टीला नेहमी गॅस बंद करते. चौथी झाली, पाचवी झाली, आणि आम्ही दोघं ती ऐकत राहिलो.